वाचक विचारतात : कूलंटच्या टाकीत तपकिरी साय

प्रश्न : माझी डिझेल मोटार सात वर्षांची असून १,१५,००० किलोमीटर चालली आहे, गिअर हाताने बदलण्याचे आहेत. गेल्या महिन्यात तुळजापूरला जाऊन आल्यावर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत तपकिरी, सायीसारखा थर दिसला. इंजिन तापत नाही, पांढरा धूरही येत नाही. गॅरेजमध्ये टाकीत डोकावताच ‘हेड गॅस्केट गेले’ असे सांगून हेड उतरवण्याचा खर्च ४५,००० रुपये काढला आहे. कूलंट कमी झाले तेव्हा मी दोन-तीनदा बोअरचे पाणी घातले होते. हे निदान मान्य करावे का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : इतक्यात करू नये. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला पातळ थर; तो सिलिंडरमधील वायू, ऑइल आणि कूलंट यांचे मार्ग वेगळे ठेवतो. आपल्या वर्णनावरून कूलंट दूषित झाले आहे एवढेच ठरते. ते कशामुळे झाले, हे नुसते टाकीत डोकावून कोणालाही सांगता येणार नाही.

पहिली तपासणी घरीच होते, पण ती सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना करावी. चालत्या इंजिनात कूलंटवर साधारण १ बार जादा दाब असतो आणि त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. अशा वेळी टोपण उघडले तर ते उसळून तोंडावर येते. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी आणून लावलेली गाडी लवकर निवत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

हातमोजे घालून, वरचा थर आणि खालचे थोडे कूलंट लोणच्याच्या स्वच्छ काचेच्या बरणीत काढावे आणि रात्रभर न हलवता ठेवावे. गंज किंवा क्षार असतील तर विटकरी गाळ तळाशी बसतो आणि बोटांत चोळल्यावर खरखरीत लागतो. तेल असेल तर थर वरच राहतो, बुळबुळीत लागतो, आणि त्याचा थेंब कागदावर टाकून वाळू दिला की भजी बांधून आणलेल्या कागदासारखा आरपार डाग उरतो. बरणी मुलांच्या व कुत्र्या-मांजरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी ठेवावी; कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. बोअरच्या जड पाण्यामुळे आपल्या बरणीत थोडा गाळ बसेलच, परंतु सायीसारखा थर पाण्यामुळे येत नाही. मला तेलाचाच संशय अधिक वाटतो.

मग हे तेल आले कुठून? बहुतेक डिझेल इंजिनांत ऑइल कूलर असतो : पातळ धातूच्या पत्र्यांचा एक लहान ठोकळा, ज्यात पत्र्याच्या एका बाजूने इंजिन ऑइल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. या पत्र्याला छिद्र पडले किंवा त्याचे सील गेले की दोन्ही द्रव एकमेकांत मिसळू लागतात. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण २ ते ४ बार, म्हणजे कूलंटच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून तेल कूलंटमध्ये घुसते आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) मात्र स्वच्छ दिसते. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्यावर येतो, तर कूलंटचा दाब काही वेळ टिकून राहतो, आणि गळती मोठी असल्यास त्या अवधीत पाणी उलट ऑइलमध्ये उतरू शकते. म्हणजेच डिपस्टिकवर दुधाळ चहासारखे ऑइल दिसले तरी तेवढ्याने गॅस्केट दोषी ठरत नाही. मात्र तसे दिसले तर गाडी अजिबात चालवू नये, टो करून न्यावी. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगे खाते.

गॅस्केट फुटल्याची नेहमीची लक्षणे निराळी असतात. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांतच रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी होज पाइप दगडासारखा कडक होतो, टाकीत सतत बुडबुडे येतात, कूलंट बाहेर फेकले जाते. खात्रीसाठी टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून चाचणी घेता येते : सिलिंडरमधील जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर तो द्रव रंग बदलतो. ही चाचणी थोड्या वेळात होते. तरीही तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये, कारण गॅस्केट केवळ ऑइलचा मार्ग आणि पाण्याचा मार्ग यांच्यामध्येच फुटले असेल तर वायूचा पत्ता लागत नाही.

निकाल लावणारी चाचणी म्हणून ऑइल कूलर काढून घ्यावा, त्याची एक बाजू बंद करून हवेचा दाब द्यावा आणि तो पाण्याच्या घमेल्यात बुडवावा. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढतात तसेच हे आहे. बुडबुडे आले तर चोर सापडला. नाही आले आणि त्याची सीलेही ठीक असली, तर हेड उतरवण्याला माझी हरकत नाही. गॅरेजवाल्यांना आपण एवढेच म्हणावे की आधी कूलर तपासा, मग हेडचे बोलू.

दोष कुठलाही निघो, सफाईत कसर करू नये. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. सफाईचे द्रावण घालून, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरचा मार्ग मोकळा करणारी झडप) उघडेल इतके इंजिन तापवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुनःपुन्हा धुवावे लागते. तेलाने फुगून मऊ पडलेले होज पाइप बदलावेत. ऑइलमध्ये पाणी गेले असेल तर ऑइल आणि फिल्टरही बदलावा.

प्रश्न : हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी कूलंट घातले तर बिघडते का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : रंग ही निर्मात्याची मर्जी आहे, त्यावरून आतील रसायन कळत नाही. गंजरोधक द्रव्ये निराळी असतील तर मिश्रणाची गंजरोधक शक्ती घटते आणि काही वेळा जेलीसारखा गोळा होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. हा गोळा तेलासारखा बुळबुळीत डाग सोडत नाही, एवढी ओळख पुरे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचेच कूलंट घ्यावे, आणि ते पातळ करायचे असल्यास बोअरचे नव्हे, तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे वापरावे.