धडगावच्या आश्रमशाळेतली माझी भाची वडील अपघातात गेल्यापासून गप्प आहे, रात्री दचकून उठते. आम्ही घरच्यांनी काय करावं?

तिला बोलतं करण्याच्या मागे लागू नका. ठरल्या दिवशी न चुकता भेटा, आणि काय घडलं ते अधीक्षिकाताईंना स्पष्ट सांगा. मी आश्रमशाळांमधल्या अधीक्षिकांसोबत काम करते. मुलगी वर्गात ऐकत नाही, अंथरूण ओलं करते, अशा तक्रारी येतात आणि घरी काय झालंय हे शाळेत कुणालाच ठाऊक नसतं. मग शिक्षा होते आणि भीती वाढते. धक्का बसलेल्या मुलाचं शरीर सतत सावध असतं. पुढे काय होणार हे आधी कळलं की ते हळूहळू सैलावतं. म्हणून बाजाराच्या दिवशी येतो म्हटलं तर याच. दिवाळीनंतर मजुरीला गुजरातेत जाणार असाल तर तिला आधीच सांगा, परतायचा अंदाजही द्या. बोलताना पावरी, भिली, जी घरची भाषा असेल तीच वापरा. झोपताना जवळ मैत्रीण असू द्या, दिवा राहू द्या, एवढं ताईंना सांगा. त्यांच्यावर एकाच वेळी कितीतरी मुलींचा भार असतो, तेव्हा जाब विचारू नका, विचारपूस करा. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर त्याही मराठीत सल्ला घेऊ शकतात.

मात्र ती जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कुणी तिच्याशी वाईट वागल्याची शंका आली तर लगेच १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक किंवा पोलिस. पंचांत मिटवू नका.