नेदरलँड्समध्ये गर्दीपासून लांब, हिरव्या ग्रामीण भागात दोन-तीन दिवस घालवायचे आहेत. कुठे जावं?

सरळ ड्रेंथ गाठा. देशाच्या ईशान्येला, जर्मनीच्या सीमेला लागून असलेला प्रांत. ॲमस्टरडॅमहून तिथल्या आसन शहरात ट्रेनने साधारण दोन तास. ट्युलिपची शेतं डोक्यात असतील तर मात्र हा भाग नव्हे.

इथली खरी ओळख म्हणजे हुनेबेड, सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी प्रचंड शिळा रचून बांधलेल्या कबरी. देशात अशा 54 उरल्या आहेत, त्यांपैकी 52 एकट्या ड्रेंथमध्ये. सगळ्यांत मोठी बोर्गरला आहे, लांबी साडेबावीस मीटर, आणि शेजारीच संग्रहालय. हिमयुगातल्या हिमनद्यांनी स्कँडिनेव्हियाकडून या शिळा वाहून आणल्या, नाहीतर या सपाट प्रदेशात एवढे दगड कुठून यायचे!

सायकल भाड्याने घ्याच. सायकलमार्गांच्या चौकाचौकांत क्रमांक लावलेले असतात, आपल्या वाटेवरचे तेवढे क्रमाने कागदावर टिपून घेतले की नकाशाची गरज नाही. ड्विंगेल्डरवेल्डचा माळ ऑगस्टच्या सुमारास हेदर या झुडपाच्या फुलांनी जांभळा होतो (आपलं कास आठवेल), मेंढ्यांचे कळपही दिसतात. ऑर्वेल्टे हे जुन्या गवती छपरांच्या घरांचं गाव दोन तासांत पाहून होतं.

वेस्टरबोर्कला वेळ काढून जा, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना इथल्या छावणीत डांबलं होतं. ॲन फ्रँकला 1944 मध्ये याच छावणीतून आउशवित्झला नेलं. पण त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, मन लागत नाही.

रविवारी गावातली दुकानं बऱ्याचदा बंद असतात, खाण्याचं आधीच बघून ठेवा.