आजी गाडीत राहते का?

“माझा मुलगा सात वर्षांचा आहे. परवा शाळेत घरच्या माणसांचं चित्र काढायचं होतं. त्यानं आम्हा तिघांना दारात उभं केलं आणि आजीला गाडीत बसवलं. का रे, म्हटलं, तर म्हणतो, आजी गाडीतच राहते ना?”

अमेरिकेतल्या एडिसनहून पत्र आलंय. खाली सही आहे ‘रामबागेची माहेरवाशीण’. रामबागेची म्हणजे आमच्या इंदूरचीच, तेव्हा मी सरळ अगं-तूगं करणार आहे. पत्र मोठं आहे. मराठी शाळा आहे, सासूबाई आहेत, इंदूरला घ्यायचा प्लॉट आहे. पण मी या चित्रापाशीच अडले.

पुढे तू लिहितेस, “मावशी, दिवस कुठे जातो कळत नाही. कॉफी हातात असते, ती कधी संपली आठवत नाही. सगळं करते, पण कशातच नसते. आईला मात्र रोज फोन करते, त्यात खंड नाही.”

रोज करतेस, खरं आहे. कधी करतेस? मुलाला शाळेत सोडताना, स्टिअरिंगवर हात ठेवून. लाज वाटून घेऊ नकोस, आपण सगळ्यांनी हेच केलंय. मी एकवीस वर्षं शिकागोजवळ काढली आणि त्यातली निम्मी तरी आईशी हायवेवरून बोलले. “थांब हं आई, एक्झिट आलाय.” “आई, पुढे ट्रक आहे, एक मिनिट.” आणि शेवटी ठरलेलं, “पोचले गं, ठेवते.” एका वेळी दोन कामं उरकली म्हणून मी स्वतःवर खूश असायची.

परत आल्यावर आईचं स्वयंपाकघर रंगवायला काढलं. ओट्याखालच्या फळ्यांवर तिनं जुन्या कालनिर्णयची पानं अंथरलेली होती, तुझ्या आईकडेही असतील. डबे उचलले तर पानं वाचायला लागले. दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, आणि त्याच चौकोनांत बारीक अक्षरात आणखी काही. ‘गराडू आले’, म्हणजे आपला थंडीतला कंद. ‘शेजारी मुलगी झाली.’ ‘नळाला चार दिवस पाणी नाही.’ काहींवर बरोबरची खूण होती. मला वाटलं बाजाराची यादी असेल. आईला विचारलं तर म्हणाली, “तुला सांगायचं असायचं ते. तू घाईत असायचीस, मग माझं राहून जायचं. म्हणून लिहून ठेवायची.”

बरोबरची खूण म्हणजे सांगून झालं. ‘गुडघा’ हा शब्द सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत पाच वेळा आहे. एकावरही खूण नाही.

आणखी एक चौकोन सांगते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लिहिलंय, ‘घड्याळ मागे, फोन साडेसातला.’ जिनं जन्मात कधी स्वतःचं घड्याळ पुढेमागे केलं नाही, ती बाई रामबागेत बसून शिकागोची वेळ सांभाळत होती. तिकडे हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे करतात, त्यामुळे माझे सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात तिचे संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. 2007 साली अमेरिकेनं घड्याळ पुढे करायचा दिवस एप्रिलातून मार्चच्या दुसऱ्या रविवारवर आणला. आईला सांगायचं मी विसरले. तीन आठवडे माझा फोन तासभर आधी वाजत राहिला आणि ती तेव्हा पंढरीनाथाच्या देवळात. आणि मी काय केलं? चिडले. “कुठे असतेस गं रोज?” म्हणून तिलाच विचारलं.

आता मी लोकमान्य नगरात राहते, रोज तिच्यासमोर बसते. तिला ऐकू येत नाही. मशीन आणलंय, ते कानाऐवजी डबीतच असतं.

तेव्हा तुझ्यावर थोडं रागावायचा हक्क मला आहे. तू लिहितेस, “गाडीत तरी बोलते, तेही बंद करू का?” नको गं, बंद कशाला? चालू दे. फक्त त्याला बोलणं समजू नकोस, ती हजेरी आहे. गाडीच्या स्पीकरमधून आवाज येतो, तेव्हा आजी डॅशबोर्डच्या आत असते असा त्या पोराचा हिशेब झाला तर त्यात त्याचं काय चुकलं?

आता माझं औषध. माझी सून म्हणते, “आईंना काहीही विचारा, उत्तर पोहेच.” म्हणू दे.

रविवारी सकाळी नऊला पोहे कर. आपल्या घरचे कांदा फोडणीत परतलेले नव्हेत, तसले तू बोलता बोलता उरकशील. इंदुरी कर. जाडे पोहे धुऊन निथळायचे, हळद, मीठ, साखर चोळून ठेवायचे, मोहरी, बडीशेप आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्यायची, आणि मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वाफवायचे. राजवाड्याजवळच्या ठेल्यांवर कढईखाली सतत वाफ असते ती यासाठीच. पोहे मऊ राहतात, कोरडे पडत नाहीत. कांदा कच्चा, वरून शेव आणि जीरावण, आपला इंदुरी मसाला.

या वाफेला दहा-बारा मिनिटं लागतात आणि त्या वेळात करण्यासारखं काही नसतं. ढवळायचं नाही, झाकण उघडायचं नाही. मला तुझ्याकडून हवीत ती ही दहा मिनिटं. डिशवॉशर रिकामा करायचा नाही, सोमवारच्या डब्याचं बघायचं नाही. त्या आधीच आईला व्हिडिओ लावून फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेव आणि स्टूल ओढून बस.

तुमचे सकाळचे नऊ म्हणजे इंदूरला उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. आईची दिवेलागण. ती देवापाशी वात लावेल, पोराला ते दिसेल. शुभंकरोती त्यानं म्हटलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. आईलाही सांग, “बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं चालू राहू दे.” पहिले दोन रविवार अवघड जातील. दोघी एकमेकींना “आणखी काय?” विचारत बसाल. मग कधीतरी ती भाजी निवडायला घेईल, पोरगा विचारेल हे काय आहे, आणि गराडूची गोष्ट निघेल. गुडघ्याचीही निघेल, पण ती विचारून निघत नाही.

कॉफीचंही त्यातच येतं. रविवारी ती दहा मिनिटं बसून पी. बाकीचे सहा दिवस प्यायलेली आठवली नाही तरी चालेल. सगळा आठवडा निवांत कर असं सांगणारे लोक बहुधा नोकरी करत नाहीत.

आणि इंदूरला परत गेलं की सगळं आपोआप सावकाश होईल, असं पत्रात दोनदा आलंय, ते डोक्यातून काढ. निवांतपणा काही इथल्या पाण्यात नाही. पाणी तर इथलं सुद्धा नाही, जलूदहून 70 किलोमीटर पंपानं चढवून आणलेली नर्मदा आहे. माझा भाचा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीबाहेर स्कूटरवर बसून, एका हातात फोन धरून पोहे खातो. परवा विचारलं, शेव होती का रे त्यात? तर म्हणाला, बघितलं नाही. इंदूरचा माणूस आणि शेव बघितली नाही!

आता तुझं बाकीचं. मराठी शाळेत घाल. तो कुरकुरेल, सगळेच कुरकुरतात, माझा मुलगा पार्किंगमध्ये रडायचा आणि आज आजीशी मराठीतच भांडतो. शाळा रविवारी असेल तर पोहे शनिवारी, त्यात काय!

सासूबाई सहा महिने येणार आहेत तर खालची खोली दे आणि स्वयंपाकघराचा एक कप्पा पूर्ण त्यांच्या ताब्यात दे. उरलेलं त्या बघतील. जिना चढायला लावू नकोस, गुडघ्याचं मी वर सांगितलंच आहे.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या त्या प्लॉटचं मला विचारू नकोस. मी घेतला नाही, नवऱ्याचं ऐकलं असतं तर घेतला असता, आणि तो विषय आमच्या घरात अजून संपलेला नाही.

जीरावण इथून मागवू नकोस, कुरिअरच्या पैशात तिकडे आठवडाभराची भाजी येईल. कोणी इंदूरहून येत असेल तर त्याच्या बॅगेत टाकायला सांग, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, नाहीतर त्याचे शर्ट वर्षभर हिंगाचा वास देतील.

आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार जवळ आला की आईला आधी सांगून ठेव. तिनं बहुतेक लिहून ठेवलेलं असेल, तरी सांग.