गर्भातले संदेश आणि कर्करोग : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : गर्भाची घडण ठरवणारे पेशींमधले संदेश जन्मानंतर थांबतात, असा माझा समज होता. मग कर्करोगात ते पुन्हा कसे सुरू होतात?

उत्तर : ते पूर्णपणे थांबत नाहीत. बऱ्याच अवयवांत ते मंदावतात, तर काही ठिकाणी आयुष्यभर चालू राहतात. आपल्या मोठ्या आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते, आणि त्यासाठी तिथल्या मूलपेशींना विभागत राहण्याची सूचना देणारा ‘विंट’ हा संदेश गर्भातही शरीराची दिशा ठरवण्याचे काम करत असतो. १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरल्ड व्हार्मस यांना उंदरांच्या स्तनांतील गाठींमध्ये या कुळातले पहिले जनुक सापडले. १९८७ मध्ये असे दिसून आले की फळमाशीच्या पंखांची वाढ ज्याच्यावर अवलंबून असते ते जनुक हेच.

निरोगी पेशीत संदेश नसताना बीटा-कॅटेनिन हे प्रथिन सतत नष्ट केले जाते आणि त्या कामात एपीसी नावाच्या प्रथिनाचा वाटा असतो. एपीसीचे जनुक बिघडले की बीटा-कॅटेनिन साचत जाते आणि बाहेरून कोणताही संदेश आलेला नसताना तो आल्याप्रमाणे पेशी विभागू लागते. मोठ्या आतड्याच्या सुमारे ८० टक्के कर्करोगांत हा बिघाड आढळतो. ज्यांना एपीसीची एक सदोष प्रत जन्मतःच मिळते, त्यांच्या आतड्यात तरुण वयातच शेकडो गाठी उगवतात. म्हणूनच अशा कुटुंबांतील मुलांची तपासणी शाळकरी वयातच सुरू करावी लागते.

प्रश्न : माझ्या मामांच्या नाकाजवळ बेसल सेल कार्सिनोमा पसरला असून शस्त्रक्रिया अवघड आहे. डॉक्टरांनी व्हिस्मोडेजिब सुचवले आहे. ते नेमके काय करते आणि त्याने केस का गळतात?

उत्तर : हे औषध ‘हेजहॉग’ नावाचा संदेशमार्ग रोखते. या मार्गाचे मूळ जनुक १९८० मध्ये क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक व्हीशाउस यांनी हायडेलबर्ग येथे फळमाशीच्या अळ्यांमध्ये शोधले. फळमाशीतील या कामासाठी पुढे १९९५ मध्ये त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या पृष्ठभागावरचे ‘पॅच्ड’ हे प्रथिन एरवी ‘स्मूदन्ड’ या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवते. हेजहॉगचा संदेश आला की ती पकड सुटते आणि पेशीला वाढीचा आदेश मिळतो. आपल्या मामांना झालेल्या त्वचेच्या या कर्करोगात बहुतेक वेळा पॅच्डचे जनुकच निकामी झालेले असते, त्यामुळे पकड कायमची सुटलेली राहते. व्हिस्मोडेजिब थेट स्मूदन्डवर जाऊन बसते आणि त्याला रोखते.

या औषधामागची हकीकत प्रयोगशाळेतून नव्हे, कुरणातून सुरू होते. अमेरिकेतील आयडाहो प्रांतात १९५० च्या दशकात एकच डोळा असलेली मेंढ्यांची पिल्ले जन्माला येऊ लागली. गाभण मेंढ्यांनी एक रानटी वनस्पती खाल्ल्यामुळे हे घडते, असे पुढे सिद्ध झाले. तिच्यातील सायक्लोपामिन हा घटक स्मूदन्डला बांधला जातो, हे तर आणखी कितीतरी वर्षांनी उमगले. त्याच तत्त्वावर बेतलेल्या व्हिस्मोडेजिबला अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

केसांची मुळे आणि जिभेवरील रुचिकलिका आजही हेजहॉगच्या संदेशावर अवलंबून असतात, म्हणून केस गळतात आणि चव जाते. स्नायूंत पेटके येण्याचा त्रासही फार सामान्य आहे. हे दुष्परिणाम औषध थांबवल्यावर बहुधा ओसरतात, आणि काही रुग्णांना मध्ये खंड देऊनही उपचार केले जातात; तो निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा. मेंढ्यांची हकीकत मी मुद्दाम सांगितली, कारण गर्भवती स्त्रीच्या पोटात हे औषध गेल्यास गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकते. मामांच्या कॅप्सूल घरात इतर कोणाच्या हाती लागू देऊ नका. रक्तदान आणि संततिनियमन यांबाबतची बंधने औषध संपल्यानंतरही ठरावीक काळ पाळावी लागतात.

प्रश्न : मग हेच औषध स्वादुपिंडाच्या कर्करोगावर का देत नाहीत?

उत्तर : तसे प्रयत्न झाले आणि ते फसले. स्वादुपिंडाच्या कर्करोगात गाठीतील पेशी हेजहॉग तयार करतात, परंतु तो ऐकतात त्या भोवतालच्या आधार-ऊतीतील पेशी. ही दाट ऊती विरळ केली की केमोथेरपी आत शिरेल, असा तर्क होता आणि २००९ मध्ये उंदरांमध्ये तो खराही ठरला. प्रत्यक्ष रुग्णांमध्ये मात्र स्मूदन्ड रोखणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण ते औषध न मिळालेल्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली होती. ती ऊती गाठीला काही प्रमाणात आवरून धरत असावी, असे नंतरच्या प्रयोगांतून दिसले. संदेशमार्ग ‘चालू’ आहे एवढ्यावरून औषध ठरवता येत नाही. बिघाड कोणत्या पेशीत आणि मार्गाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाहावे लागते. स्मूदन्डच्या पुढे बिघाड असेल तर हे औषध निरुपयोगी ठरते.

प्रश्न : हळद विंट मार्ग रोखते, असे वाचले. रोज चमचाभर घ्यावी का?

उत्तर : काचपात्रातील पेशींवर हळदीतील कर्क्युमिन या घटकाचे असे परिणाम दिसतात, पण पोटातून ते रक्तात फारच कमी उतरते. स्वयंपाकात हळद जरूर वापरावी. कर्क्युमिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा उपचार चालू असताना त्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

प्रश्न : वडिलांना तंबाखूमुळे गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग झाला आहे. जनुक-तपासणीत ‘नॉच-१’ मध्ये उत्परिवर्तन आढळले. नॉच रोखणारे औषध उपलब्ध असल्याचे वाचले. ते मिळवावे का?

उत्तर : बहुधा नाही, आणि याचे कारण नीट समजून घ्यावे. विंट आणि हेजहॉगप्रमाणे नॉच हाही गर्भाच्या घडणीतला एक संदेशमार्ग आहे आणि नॉच-१ हे त्याचे एक जनुक. टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये नॉच-१ अतिसक्रिय झालेले असते. तोंडाच्या कर्करोगात मात्र सहसा ते निकामी झालेले असते, कारण तोंडाच्या अस्तरात नॉच पेशींना परिपक्व व्हायला लावतो आणि त्यांच्या विभागणीला लगाम घालतो. भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जो जनुकीय अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वारंवार बदललेल्या जनुकांमध्ये नॉच-१ होते. निकामी झालेल्या लगामाला आणखी रोखून काहीच साधत नाही, उलट अपाय होऊ शकतो. अल्झायमरसाठीच्या सेमागेसेस्टॅट या औषधाने नॉचही रोखला जात असे. २०१० मध्ये त्याच्या चाचण्या थांबवल्या गेल्या, तेव्हा औषध घेणाऱ्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसले होते. आपण वाचले ते औषध बहुधा निरोगॅसेस्टॅट असावे. त्याला २०२३ मध्ये अमेरिकेत मिळालेली मान्यता डेस्मॉइड गाठींसाठी आहे, जो अगदी वेगळा आजार आहे. अहवालातील बदल नॉचला सक्रिय करणारा आहे की निकामी करणारा, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. मधल्या काळात ठरलेली शस्त्रक्रिया आणि रेडिएशन या शोधापायी पुढे ढकलू नका.