बॅटरी उतरल्यावर ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये कशी आणावी

बॅटरी उतरल्यामुळे गाडी ‘पी’मध्ये (पार्किंगच्या गिअरमध्ये) अडकली आहे, गिअरचा लिव्हर हलत नाही आणि गाडी ढकलून बाजूला घ्यायची आहे, अशी आपली अडचण आहे. लिव्हर बहुधा बिघडलेला नाही. ब्रेक दाबल्याखेरीज गाडी ‘पी’मधून निघू नये म्हणून लिव्हरपाशी सोलेनॉइडवर, म्हणजे विजेच्या चुंबकावर, चालणारी एक खिटी असते, वीज मिळाली तरच ती मागे सरकते.

या सोलेनॉइडला स्टार्टरच्या मानाने फारच थोडा प्रवाह लागतो. त्यामुळे डॅशबोर्डवरचे दिवे मंद का होईना पेटत असतील, तर इग्निशन ऑन करून, ब्रेक पूर्ण दाबून लिव्हर एकदा नेहमीप्रमाणे हलवून पाहावा. पुष्कळ जण ही साधी गोष्ट न करताच कन्सोल, म्हणजे लिव्हरभोवतालचा भाग, उचकटायला घेतात.

बॅटरी अगदीच गतप्राण असेल, तर प्रथम हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. त्यानंतर लिव्हरच्या शेजारी नखाएवढे एक झाकण शोधावे. काही गाड्यांत ते लिव्हरखालच्या रबरी किंवा चामडी आवरणाखाली दडलेले असते. झाकण अलगद काढून आतल्या खाचेत किल्ली किंवा चपटा स्क्रूड्रायव्हर दाबून धरावा, दुसऱ्या हाताने लिव्हरचे बटण दाबावे आणि लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रलवर) आणावा. गाडी उतारावर उभी असेल, तर तिचा सारा भार गिअरबॉक्समधल्या पार्किंगच्या दात्यावर आलेला असतो आणि लिव्हर विलक्षण जड लागतो. अशा वेळी जोर लावण्याऐवजी कोणाकडून तरी गाडी चढाच्या दिशेने किंचित रेटून घ्यावी, म्हणजे दाता मोकळा होतो.

किल्लीची गाडी असल्यास स्टिअरिंगचे कुलूप उघडण्यासाठी किल्ली फिरवलेली असावी. इंजिन बंद असल्याने दोनचार दाबांनंतर ब्रेक कडक होतो आणि स्टिअरिंगही जड राहते, म्हणून आत बसणारा माणूस ताकदीचा असावा.

लिव्हरऐवजी बटणे किंवा फिरवायची गोल चकती असेल, तर गिअर निवडण्याचे काम बहुतेक विजेवरच चालते आणि वर सांगितलेली खाच सहसा नसते. हँडब्रेकही बटणाचा असेल, तर तोही विजेशिवाय सुटत नाही. काही कंपन्या कन्सोलखाली ओढायची पट्टी किंवा केबल देतात व तिची जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. पण अशा गाडीला जम्प स्टार्टर किंवा दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून वीज पुरवणे हाच माझ्या मते शहाणा मार्ग आहे. इंजिन सुरू झाले नाही तरी तेवढ्या विजेवर ‘एन’ निवडता येतो आणि ब्रेकही सुटतो. मात्र काही गाड्या इग्निशन बंद करताच आपोआप ‘पी’मध्ये परततात, हे ध्यानात ठेवावे.

न्यूट्रलमध्ये आणून ढकलणे हे चार पावलांपुरतेच आहे. धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंपही बंद असतो, त्यामुळे लांब न्यायची असल्यास इंजिनाची ताकद मिळणारी चाके जमिनीवर ठेवून ओढू नये, ती उचलून न्यावी. चारही चाकांना ताकद मिळत असेल, तर पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी.