डेन्व्हरहून यलोस्टोनला ट्रेलर ओढत जायचंय. सहा माणसं, एक एसयूव्ही. जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा: जुलैत दहा दिवस, डेन्व्हर ते ग्रँड टीटन आणि यलोस्टोन. नवराबायको, दोन मुलं आणि भारतातून आलेले आईबाबा. राहण्या-झोपण्याचा ट्रेलर २४ फुटी, रिकामं वजन ४,८०० पौंड. तीन रांगांच्या गाडीची ओढायची क्षमता ७,७०० पौंड, दाराच्या स्टिकरवर भाराची मर्यादा १,४५० पौंड. डीलर म्हणतो, आरामात जाईल.

ओढायला जाईल हो. पेलायला जाणार नाही. ७,७०० हा आकडा विसरा आणि स्टिकरवरचे १,४५० धरून बसा. गाडीतली माणसं, सामान आणि हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या कडीवर) पडणारा ट्रेलरचा भार, सगळं मिळून त्या आकड्याच्या आत बसायला हवं.

मांडून बघू. ४,८०० म्हणजे पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत. दहा दिवसांचं सामान भरलं की ट्रेलर सहज ६,००० वर जातो. त्यातला १० ते १५ टक्के भार हिचवर यायलाच हवा. साडेबारा धरले तर ७५० पौंड. चार मोठी माणसं ६००, दोन मुलं १४०, वेट डिस्ट्रिब्युशन हिच ८०. बेरीज १,५७०. एकही बॅग न ठेवता १२० पौंड जास्त! ही हिच थोडा भार ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलते, पण त्या भरवशावर हिशेब करू नका.

मार्ग दोन. एक, भरून ४,५०० पौंडांत बसणारा छोटा ट्रेलर घ्यायचा. तरी हाताशी साठ-सत्तर पौंडच उरतात. दुसरा मला जास्त पटतो: दुसरी गाडी न्यायची. एक चालक आणि आईबाबा तिकडे गेले की ४५० पौंड हलके होतात, आणि पार्कमध्येही ती गाडी कामाला येते. चालत्या ट्रेलरमध्ये मात्र कोणालाही बसवू नका, आईंना आडवं व्हायचं असलं तरी नाही.

हिचवरचा भार कमी करायचा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ढकलण्याची चूक फार जण करतात. भार १० टक्क्यांखाली गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. मागच्या बंपरवर सायकली टांगल्या तरी तेच. जड वस्तू अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वर किंवा किंचित पुढे ठेवा. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर ४० गॅलन म्हणजे ३३० पौंड चुकीच्या जागी बसतात. वाटेत दहा गॅलन पुरे, बाकी कॅम्पग्राउंडवर भरा. तरी ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, चालकाजवळच्या उपकरणाची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ती कळ कुठे आहे ते निघण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये हाताला कळलेलं बरं. सगळं भरून झालं की ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर एकदा चढवा. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर, तिन्हींची वजनं वेगळी मिळतात.

टायर: बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर बदला. हवा टायर थंड असताना भरा. ट्रेलरचे बरेचसे टायर ताशी ६५ मैलांसाठीच असतात, त्यामुळे ७५ ची पाटी दिसली तरी तुम्ही ६०-६२ नेच चला. चाक काढून बसवलं असेल तर १०, २५ आणि ५० मैलांवर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

रस्ता लॅरामी, रॉलिन्स, लँडर, डुबॉइस, मोरान असा साधारण ४८० मैल. मॅप आठ-साडेआठ तास दाखवेल. दोन दिवस धरा, पहिला मुक्काम लँडरला. आय-८० महामार्गावर लॅरामी ते रॉलिन्स वारा कुप्रसिद्ध आहे, विशेषतः आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनपाशी. हलक्या ट्रेलरना मनाईचा बोर्ड लागला तर मुकाट्याने थांबा. हा टप्पा सकाळीच उरका. मायलेज निम्म्यावर येतं, तेव्हा रॉलिन्सला टाकी भरा. पुढे लँडरपर्यंत सव्वाशे मैल जवळजवळ ओसाड. डुबॉइसनंतर टोग्वोटी पास, ९,६५८ फूट. उतरताना टो मोड (ट्रेलर ओढतानाची गिअरची सोय), खालचा गिअर, ब्रेक अधूनमधून आणि ठाम. सतत पाय ठेवलात तर ब्रेक तापून निकामी होतात. टीटन पासला १० टक्के उतार आहे, तिकडे ट्रेलर नेऊच नका.

कॅम्पग्राउंडच्या बुकिंगमध्ये गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी विचारतात. २४ फुटी नाव असलेला ट्रेलर पुढच्या दांड्यासकट बहुधा २७ भरतो. यलोस्टोनमध्ये वीज-पाण्याची जोडणी फक्त फिशिंग ब्रिजला. आईबाबा आहेत म्हणून आधी तिथेच बघा. बाकी ठिकाणी बॅटरीवर भागवायचं. हीटरचा पंखा तासाला सात अँपिअर-अवर खातो आणि साध्या बॅटरीतले वापरण्याजोगे चाळीसच, म्हणजे जुलैतल्या थंडीतही एक रात्र. जनरेटर रात्री आठनंतर बंद.

ब्लॅक टँकचा (संडासाच्या मैल्याच्या टाकीचा) व्हॉल्व्ह सांडपाण्याची जोडणी असली तरी बंदच ठेवा. उघडा राहिला तर पाणी निघून जातं आणि घट्ट मळ आत ढीग होऊन बसतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी ब्लॅक, मग ग्रे (आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची) सोडा. साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. सहा माणसांत ३० गॅलनची टाकी तीनेक दिवसांत भरते. आईबाबांच्या पाणी वापरायच्या सवयीने ती लवकर भरेल, पण तुंबणार नाही.

स्वयंपाकाचं तेवढं लक्षात घ्या. यलोस्टोन लेकपाशी ७,७०० फुटांवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, म्हणून प्रेशर कुकर हवाच, आणि एखाददोन शिट्ट्या जास्त. इंडक्शन आणि मिक्सर बॅटरीवर चालत नाहीत. वाटण घरूनच करून गोठवून न्या. फोडणीआधी छताचा पंखा लावा, नाहीतर धुराचा अलार्म मोहरी तडतडायच्या आत बोंबलेल. आणि जेवण झालं की कुकर, तेलाची बाटली, भांडी घासायचा साबणसुद्धा ट्रेलरमध्ये किंवा गाडीत बंद. अस्वलाला वासाशी मतलब, कुकर रिकामा आहे की भरलेला याच्याशी नाही.