मेडिकलवाला म्हणतो नशेचं औषध, पोराला देऊ का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आम्ही दारव्हा तालुक्यातले. माहा पोरगा आठ वर्साचा हाय, तिसरीत. वर्गात बसत नाही, वही अर्धी सोडून पयते, मारून पाह्यलं समजावून पाह्यलं. वर्ध्याच्या डॉक्टरनं एडीएचडी, म्हंजे लक्ष न टिकण्याचा अन् लय चंचलपणाचा आजार, सांगतलं अन् मिथाइलफेनिडेट लिहून देल्लं. इथल्या मेडिकलवाला म्हणे हे नशेच्या यादीतलं हाय, आमी ठेवत नाही. तवापासून सासूबाई म्हणते पोराले व्यसन लागन. दुसरी गोळी नाही का? – एक आई

उत्तर: ताई, आधी मारणं बंद करा, तो मुद्दाम करत नाहीये.

मेडिकलवाला खोटं बोलला नाही पण अर्धंच बोलला. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे सरकारच्या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं, त्याला वेगळं लायसन्स लागतं, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात अन् एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, म्हणून तालुक्याची छोटी दुकानं त्या भानगडीत पडत नाहीत. ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा कुठे मिळेल, अन् चिठ्ठी दोन प्रतीत मागा. डॉक्टरनं सांगितलेल्या डोसमध्ये तोंडानं घेतलेल्या गोळीनं लेकराला व्यसन लागत नाही, हे सासूबाईंना मुद्दाम सांगा. घरातल्या मोठ्या पोरांनी घेऊ नये म्हणून डबी मात्र कुलपात ठेवा.

खरं लक्ष द्यायचं ते भुकेवर. गोळीनं दुपारची भूक मरते, शाळेची खिचडी तशीच राहते. वावरात जायची कितीही घाई असो, सकाळी आधी पोटभर भाकर अन् मग गोळी, आणि संध्याकाळी भूक परत येते तेव्हा पुन्हा नीट जेवू घाला. उशिरा दिली तर झोप उडते. साधी गोळी चारेक तासच काम करते, म्हणून संध्याकाळी तोच दंगा दिसला तर गोळी फुकट गेली असं समजू नका. दर काही महिन्यांनी उंची, वजन, बीपी, नाडी तपासून घ्या. घराण्यात कमी वयात कोणी अचानक गेलं असेल, किंवा पोराला चक्कर, छातीत दुखणं असं असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोळी आहे, अ‍ॅटोमॉक्सेटीन. ती या यादीत नाही त्यामुळे मिळायला सोपी, पण रोज द्यावी लागते, पूर्ण फरक दिसायला चार-सहा आठवडे जातात, अन् कॅप्सूल फोडून द्यायची नाही. पोरगा गप्प गप्प, उदास झाला किंवा मरायच्या गोष्टी करायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्लोनिडीनही काही मुलांना देतात, ती एकदम बंद केली तर बीपी वाढतो. यातलं काय द्यायचं ते तपासून डॉक्टरच ठरवतील, शेजारच्या पोराला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नसतं.

अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. अन् पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना गुरुजींकडून चार ओळी लिहून न्या, वर्गात किती वेळ बसतो, काय पूर्ण करतो ते, डोस वाढवायचा का कमी करायचा ते त्यावरूनच कळतं.